नवख्याचा प्रश्न आणि जाणत्याचे उत्तर: ओपन सोर्स मदतसमूहांच्या एका प्रसिद्ध मार्गदर्शिकेची समीक्षा

१. प्रस्तावना

विद्यार्थी मित्रांनो, ओपन सोर्स सॉफ्टवेअर वापरताना कधी ना कधी तुम्हांला अडचण येते. विकत घेतलेल्या वस्तूसोबत दुकानदार येतो, तसा येथे कोणी येत नाही. तुम्ही त्या सॉफ्टवेअरच्या मदतसमूहात जाता आणि प्रश्न विचारता. उत्तर देणारे बहुतेक जण पगार न घेता, आपल्या सवडीतून उत्तर देतात. ही व्यवस्था गेली कित्येक दशके चालू आहे आणि तिच्याच जोरावर लाखो लोक ही साधने शिकले आहेत. तरीही पहिला प्रश्न विचारून, मिळालेल्या उत्तराने हिरमुसून परत गेलेल्यांची संख्याही लहान नसावी. अशा माणसांची नोंद कोठे राहत नाही, कारण ती पुन्हा दिसतच नाहीत.

प्रस्तुत टिपणात आपण या व्यवहाराचा दंडक ठरवणाऱ्या एका लेखनाची समीक्षा करणार आहोत. एरिक रेमंड आणि रिक मोएन यांची ‘हाऊ टू आस्क क्वेश्चन्स द स्मार्ट वे’, म्हणजे ‘शहाणपणाने प्रश्न कसे विचारावेत’, ही मार्गदर्शिका प्रथम २००१ मध्ये आली. पुढे तिच्या अनेक सुधारित आवृत्त्या निघाल्या आणि अनेक भाषांत भाषांतरे झाली. कित्येक प्रकल्पांनी नवख्यांना आधी हे वाचून या असे सांगायला सुरुवात केली. त्याचा परिणाम असा झाला की लोक थेट या दोन लेखकांकडेच सॉफ्टवेअरच्या अडचणी घेऊन जाऊ लागले, आणि आम्ही कोणत्याही प्रकल्पाचे मदतकेंद्र नाही असा खुलासा त्यांना मार्गदर्शिकेच्या आरंभीच करावा लागला.

ही मार्गदर्शिका आपण तंजावरच्या एका उदाहरणावर घासून पाहणार आहोत. तंजावरच का, हे पाचव्या भागात स्पष्ट होईल.

२. मार्गदर्शिकेत काय आहे

मार्गदर्शिकेची मांडणी साधी आहे. विचारण्यापूर्वी काय करावे, विचारताना काय करावे, उत्तर कसे समजून घ्यावे, कोणते प्रश्न विचारू नयेत आणि शेवटी उत्तर देणाऱ्याने काय करावे, असा तिचा क्रम आहे. विचारण्यापूर्वी स्वतः शोधा, माहितीपुस्तिका वाचा, करून पाहा. विचारताना योग्य जागा निवडा, मथळा नेमका द्या, लक्षणे सांगा, स्वतःचे तर्क सांगत बसू नका. आपल्याला शेवटी काय साधायचे आहे ते सांगा. मधल्याच एखाद्या पायरीवर अडून ती पायरी कशी ओलांडू, असे विचारू नका. प्रश्न सुटल्यावर काय केल्याने सुटला ते सर्वांसाठी लिहून ठेवा.

यामागची भूमिकाही लेखक उघडपणे मांडतात. जाणत्या लोकांना अवघड प्रश्न आवडतात. चांगल्या प्रश्नाने त्यांची स्वतःची समज वाढते. मात्र ज्याने स्वतः काहीच कष्ट घेतले नाहीत, त्याच्यावर वेळ घालवण्याची त्यांची तयारी नसते. म्हणून कष्ट घेतल्याचा पुरावा प्रश्नातच दिसला पाहिजे.

३. मार्गदर्शिकेचे बळ

समीक्षा म्हणजे केवळ दोषदर्शन नव्हे. या मार्गदर्शिकेतला बराच भाग आजही उपयोगी आहे आणि तो तुम्ही अंगी बाणवावा.

लक्षणे आणि तर्क यांतील भेद हा त्यातला सर्वांत मोलाचा भाग. वैद्याकडे गेल्यावर ‘मला पित्त झाले आहे’ असे सांगण्यापेक्षा ‘सकाळपासून डोके दुखते आहे आणि दोनदा उलटी झाली’ असे सांगणे अधिक उपयोगाचे असते. संगणकाच्या बाबतीतही तसेच आहे. ‘माझे सॉफ्टवेअर खराब झाले’ हा तर्क झाला. ‘फाइल उघडताच पडद्यावर अमुक संदेश येतो आणि खिडकी बंद होते’ हे लक्षण झाले. शेवटचे उद्दिष्ट सांगण्याचा सल्लाही तितकाच चांगला आहे. दहापैकी अनेक वेळा अडलेली पायरीच चुकीची असते, आणि उद्दिष्ट कळले तर जाणता माणूस दुसरी सोपी वाट दाखवू शकतो.

सुटलेल्या प्रश्नाचे उत्तर लिहून ठेवण्याचा आग्रह ही तर समाजऋण फेडण्याचीच रीत आहे. तुमच्यामागून तोच प्रश्न घेऊन येणाऱ्याला त्याचा लाभ होतो.

४. पहिला आक्षेप: शोधण्यासाठी आधी शब्द लागतो

आता आक्षेपांकडे वळू. ‘विचारण्यापूर्वी शोधा’ हा मार्गदर्शिकेचा पाया आहे. हा सल्ला ऐकायला न्याय्य वाटतो. पण शोधण्यासाठी शब्द लागतो, आणि नवख्याकडे नेमका तोच नसतो.

एक उदाहरण घ्या. लिबरऑफिसमध्ये मराठी मजकूर लिहिताना अनेकांना असा अनुभव येतो की इंग्रजी अक्षरांसाठी निवडलेला फॉन्ट मराठी अक्षरांना लागूच होत नाही. याचे कारण असे की त्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची सोय ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ या नावाखाली वेगळी ठेवलेली आहे आणि त्यांचा फॉन्टही वेगळा निवडावा लागतो. हे नाव माहीत असेल तर उत्तर काही मिनिटांत सापडते. पण लहानपणापासून जी लिपी आपण सहज लिहितो ती कोणाच्या तरी दृष्टीने ‘कॉम्प्लेक्स’, म्हणजे गुंतागुंतीची, आहे आणि आपल्याला त्या शब्दाखाली शोध घ्यायचा आहे, हे मराठी लिहिणाऱ्याला सुचावे तरी कसे? तो ‘मराठी फॉन्ट बदलत नाही’ असेच शोधणार, आणि हाती काहीतरी भलतेच येणार.

अशा वेळी नवखा जो प्रश्न विचारतो, त्यात तो खरे म्हणजे एक शब्द मागत असतो. तो शब्द मिळाला की पुढचे त्याचे तो शोधू शकतो. ‘आधी शोधा’ असे त्याला सांगणे म्हणजे किल्ली पेटीत ठेवून पेटी उघडायला सांगण्यासारखे आहे. माणसाने शोध घेतला नाही आणि त्याला शोध घेता आला नाही, या दोन गोष्टी बाहेरून सारख्याच दिसतात. मार्गदर्शिका दोन्हींकडे आळस म्हणूनच पाहते. हा तिचा पहिला आणि मोठा दोष.

५. दुसरा आक्षेप: नवखा म्हणजे अडाणी नव्हे

दुसरा आक्षेप समजून घेण्यासाठी तंजावरला जाऊ. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे भोसल्यांचे राज्य स्थापन केले. १७९९ मध्ये प्रत्यक्ष कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला आणि १८५५ मध्ये गादीचा वारसाही संपला. या जवळजवळ पावणेदोनशे वर्षांत दरबाराचे मराठी दप्तर मोडी लिपीत लिहिले गेले. त्यातील कितीतरी कागद आज तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात, तसेच इतरत्रही आहेत. तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने यांतील मोडी कागदपत्रांची तमिळ भाषांतरे प्रसिद्ध केली आहेत. कावेरीच्या काठचा अर्थव्यवहार, देवळांची व्यवस्था, कलावंतांचे मानधन, औषधोपचार अशा अनेक विषयांचा इतिहास या रुमालांत आहे. तो वाचू शकणारी माणसे मात्र फार थोडी उरली आहेत.

मोडी लिपीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले ते २०१४ मध्ये, सातव्या आवृत्तीत. तंजावरच्या पोथ्यांशी निगडित असलेली ग्रंथ लिपीही त्याच आवृत्तीत आली. त्यामुळे मोडी मजकूर संगणकावर मोडी म्हणूनच साठवणे, शोधणे आणि पाठवणे शक्य झाले. ‘नोटो सान्स मोडी’ हा मुक्त परवान्याचा फॉन्टही उपलब्ध आहे.

आता असे समजा की तंजावरमध्ये अनेक वर्षे मोडी वाचणारे एक वयस्कर गृहस्थ आहेत. कोणी तरी त्यांना मोडी अक्षरांत टंकलेली एक फाइल पाठवते. ते ती उघडतात आणि त्यांना ओळीने नुसते रिकामे चौकोन दिसतात. ते मदतसमूहात लिहितात: ‘मोडीच्या जागी चौकोन दिसतात. काय करावे?’

मार्गदर्शिकेच्या निकषांवर हा प्रश्न कसा ठरतो? संगणकाची प्रणाली कोणती, सॉफ्टवेअरची आवृत्ती कोणती, कोणता फॉन्ट आहे, यांपैकी त्यांनी काहीच सांगितलेले नाही. आधी शोध घेतल्याचा पुरावा नाही. म्हणजे प्रश्न वाईट. पण त्याच मार्गदर्शिकेचा दुसरा नियम लावून पाहा: लक्षण सांगा, तर्क सांगू नका. गृहस्थांनी तंतोतंत तेच केले आहे. चौकोन दिसतात हे शुद्ध लक्षण आहे. जाणत्याला त्यावरून लगेच कळते की अक्षरांचे संकेतांक फाइलमध्ये बहुधा व्यवस्थित आहेत, पण ती अक्षरे दाखवू शकेल असा फॉन्ट संगणकाला सापडत नाही. चौकोनांऐवजी अक्षरे दिसली असती पण जोडाक्षरे तुटली असती, तर दोष अक्षरांची जुळणी करणाऱ्या घटकात शोधावा लागला असता. आणि भलतीच लॅटिन अक्षरे दिसली असती, तर मजकूर युनिकोडपूर्व जुन्या फॉन्टमधला असण्याचा संभव होता. म्हणजे त्या एका वाक्याने तीनपैकी दोन शक्यता जवळजवळ बाजूला पडल्या. हा प्रश्न वाईट कसा?

शिवाय हा प्रश्न क्षुद्रही नाही. असे चौकोन जगभर इतक्या लोकांना दिसत आले आहेत की संगणकवाल्यांनी त्यांना ‘टोफू’ असे टोपणनाव दिले, आणि ‘नोटो’ या फॉन्टकुळाचे नाव ‘नो टोफू’ यावरूनच ठेवले गेले. ज्याला आपण बाळबोध प्रश्न म्हणतो, त्याला उत्तर म्हणून अनेक लिप्यांचे फॉन्ट तयार झाले.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. समजा, गृहस्थांना फॉन्ट मिळाला, अक्षरे दिसू लागली आणि त्यांनी दुसरा प्रश्न विचारला: ‘जुन्या मोडी कागदांत इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद सहसा पाळलेला नसतो. येथे मात्र दोन वेगळी चिन्हे आहेत. मी कोणते टंकू?’ मदतसमूहातील एखादा याला ‘हा सॉफ्टवेअरचा प्रश्न नाही’ म्हणून वाटेला लावील. पण विचार करून पाहा. एकाने ऱ्हस्व टंकले आणि दुसऱ्याने दीर्घ, तर पुढे हजारो कागदांत एखादे नाव शोधताना निम्मी पाने सापडणारच नाहीत. हा शोधयंत्रणेचा, म्हणजे सॉफ्टवेअरचाच, प्रश्न आहे. आणि तो विचारू शकणारा माणूस उत्तर देणाऱ्यांच्या घोळक्यात बहुधा एकही नसेल.

मार्गदर्शिका ज्ञानाची उतरंड एकच मानते: वर सॉफ्टवेअर जाणणारे, खाली न जाणणारे. प्रत्यक्षात उतरंडी अनेक असतात. मोडी वाचणारा, शेतीचे हिशेब ठेवणारा, दृष्टिहीन वाचकांसाठी पुस्तके तयार करणारा, हे सगळे सॉफ्टवेअरच्या दारात नवखे आणि आपापल्या घरात जाणते असतात. भारतीय भाषांच्या सॉफ्टवेअरमध्ये तर असे वारंवार घडते की प्रश्न विचारणाऱ्यापाशीच ते ज्ञान असते, ज्याच्यावाचून ते सॉफ्टवेअर अपुरे आहे. त्याला परत पाठवले तर तोटा कोणाचा, हे वेगळे सांगायला नको.

६. तिसरा आक्षेप: भाषेचे दार

मार्गदर्शिका भाषेबाबत काय म्हणते? प्रश्न स्वच्छ, शुद्ध आणि नीट लिहिलेल्या भाषेत विचारा. समोरच्यांची भाषा ठाऊक नसेल तर इंग्रजीत लिहा. इंग्रजी तुमची पहिली भाषा नसेल तर तसे आधी सांगा, म्हणजे वाचणारे थोडी सवलत देतील. लेखकांचा हेतू येथे चांगला आहे, हे मान्य केले पाहिजे. पण सवलत मागण्याचे काम कायम एकाच बाजूला येते, हे त्यांच्या ध्यानात आलेले दिसत नाही.

तंजावरची स्थिती पाहा. तेथील अनेक मराठी घरांत बोलणे मराठीत, शिक्षण तमिळ माध्यमात आणि लिहिणे-वाचणे बरेचसे तमिळ लिपीत चालते. अशा घरातील विद्यार्थ्याला मोडीविषयी प्रश्न विचारायचा झाला, तर विषय मराठी, लिपी मोडी, रोजचा व्यवहार तमिळ आणि मदतसमूहाची भाषा इंग्रजी, असा चौपदरी प्रवास करावा लागतो. त्याच्या वाक्यात व्याकरणाची चूक दिसली म्हणून त्याने विचार केला नाही असे मानणे हा सरळ अन्याय आहे. शुद्ध लिहिणे ही काळजीची खूण असते हे खरे. पण ती शाळा, माध्यम आणि घरची परिस्थिती यांचीही खूण असते.

यावर उपाय म्हणून भारतीय भाषांत काम करणारे समूह उभे राहिले आहेत. मल्याळममध्ये ‘स्वतंत्र मलयाळम् कंप्युटिंग’, तमिळमध्ये ‘कणियम’ अशा उपक्रमांनी आपल्या भाषेत शिकण्या-विचारण्याची जागा तयार केली. मराठीतही भाषांतर आणि प्रशिक्षणाचे प्रयत्न झाले आहेत. पण मूळ प्रकल्पाच्या दारातली भाषा बदलत नाही तोवर या समूहांतील एखाद्याला दुभाष्याचे काम करावे लागते. ते काम करणारे लोक हे ओपन सोर्सचे खरे आधारस्तंभ आहेत आणि त्यांचा उल्लेख क्वचितच होतो.

७. चौथा आक्षेप: उद्धटपणाचे समर्थन

मार्गदर्शिकेचा सर्वांत वादग्रस्त भाग फटकळ उत्तरांविषयी आहे. माहितीपुस्तिका वाचा असे शिवीसह सुनावणारे एक आद्याक्षरी इंग्रजी संक्षिप्त रूप या समूहांत रूढ आहे. ते तुमच्या वाट्याला आले तर सांगणाऱ्याचे बहुधा बरोबरच असते, असे लेखक म्हणतात. उद्धटपणा वाटतो तो पुष्कळदा उद्धटपणा नसून कामापुरते सरळ बोलणे असते, असेही ते सांगतात. समूहाचे दंडक कोणी तरी ते चारचौघांत लागू केल्यानेच टिकतात, असा त्यांचा युक्तिवाद आहे.

युक्तिवादात एक मुद्दा खरा आहे. दंडक सर्वांसमोर पाळले गेले पाहिजेत, म्हणजे पाहणारेही शिकतात. पण पाहणारे शिकतात ते काय? एकाला फटकारले की नियम मोडणारा तर दबतोच, पण काठावर बसून ‘विचारू का नको’ असा विचार करणारे दहा जणही गप्प होतात. वर्गात तुम्ही हे पाहिले असेल. एखाद्याने विचारलेल्या शंकेला ‘एवढेही कळत नाही?’ असे उत्तर मिळाले, की त्या तासाला पुन्हा हात वर होत नाही. समूहाच्या दृष्टीने यातून शांतता येते; तिला शिस्त समजण्याची चूक होते.

इतिहासानेही या भागाची बाजू घेतलेली नाही. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये लिनक्स कर्नलचे प्रमुख लायनस टोरवाल्ड्स यांनी आपल्या कठोर भाषेबद्दल जाहीर माफी मागून काही काळ काम थांबवले आणि त्याच सुमारास कर्नल प्रकल्पाने आचारसंहिता स्वीकारली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ या २००८ पासून चाललेल्या प्रश्नोत्तर-व्यवस्थेच्या चालकांनी आपली जागा नवख्यांना पुरेशी आपलेपणाची वाटत नाही, हे जाहीरपणे मान्य केले. उलट उबुंटूने २००४ मध्ये आरंभ झाल्यापासूनच आचारसंहितेची कास धरली होती. सरळ बोलणे आणि सौजन्य यांत विरोध नाही, हे यातून दिसते.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की मार्गदर्शिकेच्या शेवटी उत्तर देणाऱ्यांसाठी एक प्रकरण आहे आणि ते चांगले आहे. सौम्य राहा, पहिल्यांदा चुकणाऱ्याला खाजगीत सांगा, माहीत नसेल तर तसे म्हणा, उलट प्रश्न विचारून समोरच्याला नेमकेपणाकडे न्या, आणि तोच प्रश्न पुन्हा येऊ नये म्हणून माहितीपुस्तिका सुधारा, असे त्यात म्हटले आहे. माझा आक्षेप प्रमाणावर आहे. विचारणाऱ्यासाठी पानेच्या पाने आणि उत्तर देणाऱ्यासाठी शेवटचे लहानसे प्रकरण. प्रकल्प नवख्याला जेव्हा ही मार्गदर्शिका वाचायला पाठवतात, तेव्हा हे शेवटचे प्रकरण स्वतः किती जण वाचतात?

८. तंजावरचा एक जुना नमुना

प्रश्न विचारणाऱ्याला कमीपणा येणार नाही अशी रचना करता येते का? तंजावरच्याच परंपरेत एक नमुना सापडतो.

दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांच्या नावावर ‘देवेंद्र कुरवंजी’ ही मराठी रचना आहे. कुरवंजी हा तमिळ नाट्यप्रकार. विरहाने व्याकूळ नायिकेकडे डोंगरात राहणारी, भविष्य सांगणारी कुरवंजी येते. तिला तिचा डोंगर, तिचा देश यांविषयी विचारले जाते आणि ती वर्णन करते. हा या प्रकारातला ठरलेला प्रसंग आहे. ‘देवेंद्र कुरवंजी’त हाच साचा घेऊन कुरवंजीच्या तोंडून जगाचा आधुनिक भूगोल गाण्यांतून सांगितला आहे.

आपल्या विषयाच्या दृष्टीने यात दोन गोष्टी लक्षणीय आहेत. एक, प्रश्नाला येथे हक्काची जागा आहे. विचारल्याशिवाय नाटक पुढे जात नाही, त्यामुळे न कळणे हा दोष राहत नाही. दोन, विचारणारी उच्चकुलीन आणि सांगणारी भटकी आहे. कोण काय जाणतो हे त्याच्या दर्जावरून ठरत नाही, ही गोष्ट रचनेतच मुरलेली आहे.

या नमुन्याच्या मर्यादाही ओळखा. नाटकातला प्रश्न कवीनेच लिहिलेला असतो. उत्तर आधी तयार असते आणि प्रश्न त्याला बेतून घेतलेला असतो. खरा नवखा असा सोयीचा प्रश्न विचारत नाही. तरीही याच सरफोजींच्या छापखान्यातून १८०६ मध्ये इसापच्या गोष्टींचे मराठी भाषांतर ‘बालबोध मुक्तावलि’ या नावाने निघाले, हे येथे आठवावे. मराठीत देवनागरीला आपण ‘बाळबोध’ लिपी म्हणतो. मुलालाही बोध व्हावा अशी ती लिपी. मोडी कारकुनाच्या वेगासाठी, बाळबोध वाचणाऱ्याच्या सोयीसाठी, असा तो भेद होता. ‘बाळबोध’ हा शब्द आज आपण प्रश्नाला हिणवण्यासाठी वापरतो. मुळात ते कौतुकाचे नाव आहे.

९. वेगळी मांडणी शक्य आहे

आजच्या काळातील एक उदाहरण आयआयटी मुंबईत सुरू झालेल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे आहे. ओपन सोर्स सॉफ्टवेअर शिकवणारे सुमारे दहा मिनिटांचे पाठ, ऐकण्याचा भाग मराठी, तमिळ यांसारख्या अनेक भारतीय भाषांत, आणि विद्यार्थ्याने पाठ पाहता पाहता शेजारी स्वतः करून पाहायचे, अशी त्याची पद्धत आहे. त्यातील शंका विचारण्याची सोय लक्ष देण्याजोगी आहे. विद्यार्थी कोणता पाठ, कितवे मिनिट आणि कितवा सेकंद हे निवडून शंका विचारू शकतो.

याचा अर्थ काय होतो ते पाहा. विद्यार्थ्याला आपली अडचण तांत्रिक शब्दांत मांडता आली नाही तरी चालते. ‘येथपर्यंत माझे बरोबर आले, येथे अडले’ एवढे तो बोट ठेवून दाखवतो. सॉफ्टवेअर कोणते, पायरी कोणती, आधी काय काय केले, हे सगळे उत्तर देणाऱ्याला त्या एका खुणेवरून कळते. चौथ्या भागात आपण पाहिलेली शब्द नसण्याची अडचण येथे उपदेशाने नव्हे, तर रचनेने दूर केली आहे. शिवाय एकाच सेकंदावर अनेक जण अडत असतील, तर दोष विद्यार्थ्यांचा नसून पाठाचा आहे, हे पाठ करणाऱ्यालाही कळू शकते.

१०. वेळ कोणाचा?

या सगळ्यावर एक गंभीर प्रतिवाद आहे आणि तो टाळता येणार नाही. उत्तर देणारे स्वयंसेवक आहेत. तोच प्रश्न शंभराव्यांदा आला तर त्यांनी शंभराव्यांदा हसतमुखाने उत्तर का द्यावे? अनेक प्रकल्प एक-दोन माणसांच्या रात्रीच्या जागरणावर चालतात. ती माणसे थकून निघून गेली, तर विचारायला जागाच उरणार नाही.

हा प्रतिवाद मला मान्य आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष मान्य नाही. शंभराव्यांदा आलेला प्रश्न ही माहिती आहे. ती असे सांगते की उत्तर जेथे आहे तेथे माणसे पोहोचत नाहीत. मग काम असे उरते: माहितीपुस्तिकेत तो शब्द घाला जो नवखा वापरतो, मेनूचे नाव बदला, किंवा चूक दाखवणारा संदेशच असा लिहा की त्यात उपाय असेल. चौकोनांच्या जागी ‘या लिपीचा फॉन्ट नाही’ असे दिसले असते, तर तंजावरच्या गृहस्थांना विचारावेच लागले नसते. फटकारण्याने प्रश्न विचारणे थांबते, अडचण थांबत नाही. ती अडचण पुढच्या माणसाला येतच राहते, फक्त आता कोणाला कळत नाही.

थकलेल्या माणसाने गप्प राहणे यात काही गैर नाही. उत्तर न देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. अपमान करण्याचा कोणालाच नाही. शिवाय उत्तर देण्याचे काम फक्त सर्वांत जाणत्यानेच करावे असेही नाही. ज्याची अडचण गेल्या महिन्यात सुटली, तो आज आलेल्या नवख्याला पुष्कळदा अधिक नीट समजावतो, कारण आपण कोठे अडलो होतो हे त्याला अजून आठवत असते. नवख्यांना टिकवून धरणाऱ्या समूहात असे उत्तर देणारे तयार होतात. हाकलणाऱ्या समूहात तेच दोघे-तिघे वर्षानुवर्षे थकत राहतात.

११. समारोप

रेमंड आणि मोएन यांची मार्गदर्शिका प्रश्न विचारण्याचे शिक्षण देणारे महत्त्वाचे लेखन आहे. लक्षण आणि तर्क वेगळे करणे, उद्दिष्ट सांगणे, सुटलेले लिहून ठेवणे हे तिचे धडे टिकाऊ आहेत. मात्र ती संवादाची जवळजवळ सगळी जबाबदारी ज्याच्यापाशी सर्वांत कमी साधने आहेत त्याच्यावर टाकते, शब्दांच्या अभावाला आळस समजते आणि ज्ञानाची एकच उतरंड मानते.

तुम्ही आज विचारणारे आहात. वर्ष-दोन वर्षांत तुमच्यातील काही जण उत्तर देणारे व्हाल. तेव्हा कोणी तरी ‘चौकोन दिसतात’ एवढेच लिहील. आधी त्याला विचारा की तुम्ही काय वाचायचा प्रयत्न करत आहात. कदाचित त्याच्या हातात दोनशे वर्षांपूर्वीचा असा कागद असेल जो वाचणारी मोजकीच माणसे आज हयात आहेत, आणि पुढच्या प्रश्नातून तुम्हांलाच काही शिकायला मिळेल.

स्वाध्याय

१. लक्षण आणि तर्क यांतील फरक तुमच्या विषयातील दोन उदाहरणे देऊन स्पष्ट करा.
२. ‘विचारण्यापूर्वी शोधा’ हा सल्ला कोणत्या परिस्थितीत योग्य आणि कोणत्या परिस्थितीत अपुरा ठरतो? सकारण लिहा.
३. तुम्ही वापरत असलेल्या एखाद्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरमधील चूक दाखवणारा एक संदेश निवडा आणि नवख्याला उपाय कळेल अशा रीतीने तो मराठीत पुन्हा लिहा.
४. मोडीतील ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्न सॉफ्टवेअरचा आहे की भाषेचा? दोन्ही बाजू मांडून स्वतःचे मत द्या.
५. दहाव्या भागातील मताशी तुम्ही असहमत असाल, तर स्वयंसेवकाच्या बाजूने दोनशे शब्दांत प्रतिवाद लिहा.